मुलाला स्केचिंग शिकवायचंय? डबा सगळ्यात शेवटी आणा

मूल कागदावर रमतंय असं दिसलं की घरात पहिली येते ती पेटी. दीडशे नगांची, वर कडी, आत जिन्यासारखे उघडणारे तीन मजले. पंधरा दिवसांनी उघडून बघा. काळा आणि लाल तेवढे झिजलेले, बाकीचे रंग आले तसेच, खोडरबर खाचेत रुतून बसलेला आणि मूल म्हणतंय, "मला नाही येत चित्र." मग मोठं माणूस कागद ओढून घेतं. दोन गोल, दोन त्रिकोणी कान, एक शेपूट, झाली मांजर! मूल पुढची दोन वर्षं तीच मांजर काढत राहतं.

घोळ सगळा क्रमाचा आहे. आधी मूल कुठवर आलंय ते बघायचं, मग थोडकं सामान आणि नीट जागा, मग बघण्याचा सराव, मग रेघ, माप आणि सावली. यात महिना-दोन महिने गेले की नेमकं काय काय हाताला लागतं ते कळतं. सामान ठेवायचा डबा तेव्हा निवडायचा. याच क्रमाने पुढे जाऊ.

टप्पा १: मूल कुठवर आलंय ते बघा

साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला बघून गोल काढता येतो. चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह जमतं, साडेचार-पाचला चौकोन, त्यानंतर त्रिकोण. पतंगासारखा तिरका चौकोन सहा-सात वर्षांपर्यंत अडतो. महिने मोजत बसू नका, कुणी पुढे असतं, कुणी मागे. पण चार वर्षांच्या मुलाला समोरच्या वस्तूसारखं चित्र काढायला लावलं तर बिघडतं ते एवढ्यासाठीच.

तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा डोक्यालाच पाय फुटलेले असतात. पोट कुठे गेलं म्हणून विचारू नका. ते पोट विसरलेलं नाही, त्याच्या लेखी ते त्या गोलातच आहे. पाच-सहाला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि सगळं जग त्या रेघेवर उभं राहतं. घराच्या भिंतीतून आतली माणसंही दिसतात. या वयात शिकवणी नको. कागद, पेन्सिल आणि मोकळीक एवढं पुरे.

बघून काढण्याचं स्केचिंग सात-आठच्या पुढे अंगी लागतं. सगळ्यात नाजूक वय मात्र नऊ ते अकरा. या वयात मुलाला आपलं चित्र "खऱ्यासारखं" हवं असतं, ते होत नाही हे त्याला दिसतं आणि बरीच मुलं इथेच पेन्सिल खाली ठेवतात. हा लेख मुख्यतः सात ते बारा वर्षांच्या मुलांना धरून लिहिलाय.

*तपासून बघा:* मुलाला स्वतःचा बूट न बघता काढायला सांगा. मग तोच बूट समोर ठेवून दुसऱ्या कागदावर काढू द्या. दोन्ही चित्रं सारखीच आली तर ते मनातला बूट काढतंय. दुसऱ्यात नाडीचं एखादं भोक, टाचेची झीज, असं एक जरी नवीन आलं तरी नजर उघडलीय. दोन्ही कागदांवर तारीख घालून जपून ठेवा, पुढे लागतील.

टप्पा २: सामान थोडकं आणा

पेन्सिली तीनच घ्या: एचबी, २बी आणि ६बी. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण असतं. माती जास्त तर टोक कडक आणि रेघ फिकट, त्यावर एच लिहिलेलं असतं. ग्रॅफाइट जास्त तर टोक मऊ आणि रेघ काळी, ते बी. एचबी या दोन्हींच्या मधली. आकडा वाढेल तसा तो गुण वाढतो. रोजच्या कामाला २बी. हात हलका ठेवला तर फिकट उमटते, जोर दिला तर गडद होते. ६बी गडद सावलीसाठी. एचच्या पेन्सिली मुलांना देऊच नका. रेघ फिकट आली की मूल जोर लावतं, कागदावर चर पडतो आणि तो कुठल्याही खोडरबराने जात नाही.

शार्पनरमध्ये घालावी तर टोक तुटतं, पुन्हा घालावी तर पुन्हा तुटतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. शार्पनरचं पातं बोथट असेल तर हे होतंच. पण बऱ्याचदा पेन्सिल आधी टेबलावरून पडलेली असते आणि आतली कांडी जागोजागी मोडलेली असते. हे ध्यानात ठेवा, डबा निवडताना कामाला येईल.

खोडरबर दोन. एक साधा पांढरा. दुसरा कणकेसारखा मळता येणारा राखाडी खोडरबर, जो घासायचा नसतो, नुसता दाबून ग्रॅफाइट उचलायचं असतं. मुलांना तो फार आवडतो. त्याचे हत्ती-उंदीर होतात हा त्याचा तोटा.

कागदात लोक सगळ्यात जास्त चुकतात. एक महागडी वही आणली की मूल पान वाया जाईल या धास्तीने काढतच नाही. सरावाला प्रिंटरचा ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद चालतो आणि तो भरपूर हवा. पूर्ण करायच्या चित्राला १२० ते १६० जीएसएमचा, बोटाला किंचित खरखरीत लागणारा कागद घ्या. गुळगुळीत चकचकीत कागदावर ग्रॅफाइट बसत नाही, नुसतं घसरतं. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी, ए३ म्हणजे २९७ × ४२०. घरात दोन्ही मापं ठेवा. ए४वर मूल मनगटातून काढतं, ए३वर त्याला कोपर आणि खांदा हलवावाच लागतो.

वर क्लिप असलेलं एक पॅड, नाहीतर जाड पुठ्ठा आणि दोन चिमटे. झालं सामान.

*इशारा:* घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर पेनांची टोपणं, छोटे शार्पनर आणि खोडरबराचे तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका. सुमारे ३२ मिमी व्यासाच्या नळीत मावणारी कुठलीही वस्तू त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते. पाकिटावरची अक्षरंही वाचा. ईएन ७१ हे खेळण्यांच्या सुरक्षिततेचं युरोपी मानक आहे. एएसटीएम डी ४२३६ असं छापलेलं असलं तर त्याचा अर्थ एवढाच की दीर्घकालीन धोका असेल तर तो लेबलवर लिहिलेला आहे. वस्तू बिनविषारी आहे असा दाखला तो देत नाही. बाकीचं लेबल वाचायलाच लागतं.

टप्पा ३: जागा, उजेड, पकड

उजव्या हाताच्या मुलाला उजेड डावीकडून, डावखुऱ्याला उजवीकडून. उलटं झालं तर हाताची सावली नेमकी टोकावर पडते आणि मूल मान वाकडी करून बसतं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट किंवा खोकं ठेवा.

पॅड टेबलावर सपाट ठेवू नका. सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो, तो आखूड दिसतो आणि मूल नकळत तिथलं चित्र लांबट काढतं. कागद उचलून समोर धरला की चेहरा ताणलेला दिसतो, तो यामुळे. पॅडची एक कड मांडीवर आणि दुसरी टेबलाच्या काठावर टेकवली की हवा तेवढा उतार मिळतो.

पकड लिहिण्यासारखी असली तरी बिघडत नाही, फक्त बोटं टोकापासून जरा मागे हवीत. टोकाजवळ धरली की रेघ बारीक आणि ताठर येते, मागे धरली की सैल येते. मोठ्या आकारांना मागे, बारकाव्यांना पुढे, एवढं सांगा आणि सोडून द्या. पकडीवरून रोज टोकलं तर मूल पकडीकडेच बघत बसेल.

एका बैठकीला १५-२० मिनिटं पुरतात. आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं ही रविवारच्या दोन तासांपेक्षा कितीतरी बरी.

टप्पा ४: आधी नजर

हा टप्पा गाळून लोक थेट "गोल काढ, मग चौकोन काढ" वर येतात. गाळू नका. दोन-तीन आठवडे नुसते हेच चार खेळ खेळा.

१. कागदाकडे न बघता. समोर बूट ठेवा. नजर बुटाच्या कडेवरून मुंगीसारखी चालवायची, पेन्सिल त्याच वेगाने कागदावर चालवायची. कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. हात दिसू नये म्हणून पेन्सिल एका कागदाच्या तुकड्यातून आरपार खुपसा, छत्रीसारखी. चित्र हास्यास्पद येणार, हे आधीच सांगून टाका आणि शेजारी बसून तुम्हीही काढा. तुमचं त्याच्यापेक्षा वाईट आलं तर उत्तमच.

२. थोडं बघून. तेच, पण आता मधूनमधून कागदाकडे बघायची परवानगी. दहातली सात मिनिटं नजर वस्तूवर हवी.

३. मोकळी जागा. खुर्ची काढायची, पण खुर्ची काढायचीच नाही. पायांच्या मधल्या आणि पाठीच्या दांड्यांमधल्या मोकळ्या जागा काढायच्या आणि काळ्या करायच्या. शेवटी पांढरी खुर्ची आपोआप उरते. "खुर्चीला चार पाय असतात" हे डोक्यातलं ज्ञान इथे आड येत नाही, कारण मोकळ्या जागेचं चित्र कुणाच्याच डोक्यात तयार नसतं.

४. उलटं चित्र. एखादं साधं रेखाचित्र उलटं ठेवून बघून काढायचं. डोळा, नाक ही नावं सुचत नाहीत, राहतात नुसत्या वाकड्या-तिरक्या रेघा. पूर्ण होईपर्यंत कागद सुलट करायचा नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने बुटाच्या तिसऱ्या दिवशी विचारलं, "नाडी आत जाते तिथे चामडं जरा वर उचललेलं असतं, ते काढायचं का?" तिच्या चित्रात ते नीट आलं नाही. पण तिला ते दिसलं, आणि त्या दिवसाचं काम तेवढंच होतं.

*तपासून बघा:* काढताना मूल वर किती वेळा बघतं ते मोजा. मिनिटाला दोन-तीनदा बघत असेल तर ते अजून मनातलंच काढतंय. दहा-बारा वेळा डोकं वर होत असेल तर पुढे चला.

टप्पा ५: हलकी रेघ, मोठा आकार, मग माप

इथे वस्तू एकच घ्या, कानाचा मग. मगात शिकण्यासारखं बहुतेक सगळं आहे, आणि चुकाही सगळ्या त्यातच होतात.

आधी कागदावर चार बाजूंना चार हलक्या खुणा: मगचं वरचं टोक, खालचं टोक, डावी कड, आणि कान धरून उजवी कड. मग या चौकटीत बसतो. ही पायरी चुकली की कानाला जागाच उरत नाही, किंवा मग कागदाच्या कोपऱ्यात बोराएवढा येतो.

मग माप. हात पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरून तिचं टोक मगच्या कडेला लावायचं आणि अंगठा सरकवून रुंदी पकडायची. तोच अंगठा तसाच ठेवून ती रुंदी उंचीत किती वेळा बसते ते बघायचं. समजा सव्वा वेळा बसली, तर कागदावरही उंची रुंदीच्या सव्वापट. मापं कागदावर उतरवायची नसतात, प्रमाण उतरवायचं असतं. मुलं अंगठ्याएवढाच मग काढायला बसतात, म्हणून हे दोनदा सांगा.

*इशारा:* मापताना कोपर वाकलं की सगळं खोटं. पहिलं माप ताठ हाताने आणि दुसरं वाकलेल्या हाताने घेतलं तर पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि आकडा बदलतो. मापं चुकली की आधी कोपर बघा.

आता मगचं तोंड. ते गोल असलं तरी बाजूने बघताना चपटं, लंबगोल दिसतं. मुलं त्याला दोन्ही बाजूंना टोकं काढतात, डोळ्यासारखी. लंबगोलाला टोक नसतं, कडेला तो वळतो. हवेत चार-पाच गोल फिरवून हात न थांबवता तसाच कागदावर टेकवा आणि दोन-तीन फेरे हलके येऊ द्या. त्यातला बरा पुढे गडद करता येतो.

आणि बूड. इथे दहातली नऊ मुलं सरळ रेघ मारतात, आणि विचारलं तर कारणही पटण्यासारखं देतात: "मग टेबलावर सपाट बसलाय ना." बसलाय सपाट, पण दिसतोय वरून. आपण तोंडाकडे बघतो त्याहून जास्त वरून बुडाकडे बघतो. म्हणून बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्त खोल असतो, कमी कधीच नाही. पटत नसेल तर मग डोळ्यांच्या रेषेत उचला. तोंडाची रेघ सरळ होते. मग हळूहळू खाली न्या, लंबगोल फुगत जातो. हे एकदा हातात मग घेऊन केलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

बुडाचा न दिसणारा मागचा भागही हलका काढून लंबगोल पूर्ण करा, म्हणजे पुढचा बाक आपोआप बरोबर येतो. नंतर मागचा खोडा. कान सगळ्यात शेवटी, आणि तो मगला कुठे चिकटतो त्या दोन जागा आधी ठरवून. कानाचं भोक हीसुद्धा एक मोकळी जागाच, चौथ्या टप्प्यातला खेळ इथे लावा.

*तपासून बघा:* चित्र आरशात धरा किंवा उलटं करा. एका बाजूला कललेला मग लगेच दिसतो. चूक मुलालाच सापडू द्या, बोट दाखवू नका.

मगनंतर किल्ली, पान, बूट, कात्री, मग खुर्ची. समोरून आपल्याकडे येणारा हात किंवा टेबलाचा कोपरा काही केल्या जमत नसेल तर खिडकीच्या काचेची युक्ती करा. एक डोळा मिटून, डोकं न हलवता, पलीकडचं दृश्य व्हाइटबोर्डच्या मार्करने काचेवर गिरवायचं. लांबचा खांब किती बुटका येतो ते बघून मुलं चक्रावतात. काच लगेच पुसून टाका, वाळलेला मार्कर निघायला त्रास देतो.

चेहऱ्याबद्दल एकच सांगतो, बाकी तो वेगळा विषय आहे. मुलं डोळे कपाळावर काढतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर असतात. आरशासमोर उभं राहून डोक्याच्या वरपासून डोळ्यापर्यंत आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंत पेन्सिलीने मापायला लावा.

टप्पा ६: सावली

घाई करू नका. आकार चुकलेल्या चित्रावर कितीही सावली भरली तरी ते चुकलेलंच राहतं, फक्त काळं होतं.

आधी पाच चौकोनांची पट्टी करा. पहिला कोरा, पाचवा ६बीने जमेल तितका काळा, मधले तीन पायरीपायरीने. मुलांचे दुसरा, तिसरा आणि चौथा चौकोन सारखेच येतात. पट्टी जमेपर्यंत तीन-चारदा करू द्या आणि ती पुढे प्रत्येक चित्राशेजारी ठेवा.

मग एक पांढरा चेंडू आणि एकच दिवा, बाजूने आणि जरा वरून. खोलीतले बाकीचे दिवे बंद. दोन दिवे असले की दोन सावल्या पडतात आणि मुलाला काही उमगत नाही. डोळे किलकिले करून बघायला सांगा, बारकावे जाऊन उजेड-अंधाराचे तीन-चार ढोबळ पट्टे उरतात. ते आधी भरायचे. टेबलावर पडलेली सावली चेंडूला चिकटलेली जिथे असते तिथे सगळ्यात गडद, लांब जाताना विरते. मुलं ती सोडून देतात आणि चेंडू हवेत तरंगतो. बोटाने घासून "मऊ" करण्याची खोड लागू देऊ नका. बोटाचं तेल कागदात उतरतं, डाग पडतो आणि सावली राखाडी चिखलासारखी दिसते. जवळजवळच्या तिरक्या रेघा, गडद हवं तिथे त्यावर आडव्या रेघांचा दुसरा थर, एवढं पुरतं.

हाताखाली एक चिटोरा ठेवा म्हणजे चित्र पुसलं जाणार नाही. खोडरबराचा कचरा फुंकू नका, थुंकीचे थेंब उडून तिथे डाग उठतात. मऊ ब्रशने झाडा.

मधे थोडं मोठ्यांसाठी

मुलाच्या कागदावर रेघ मारू नका. एकही नाही. दाखवायचं असेल तर आपला वेगळा कागद घ्या. त्याच्या कागदावर तुमची रेघ उमटली की ते चित्र त्याचं राहत नाही, आणि हे त्याला तुमच्या आधी कळतं.

"वा, छान!" याने काहीच होत नाही. दिसेल ते बोला: "कानाच्या खालची सावली इथे गडद केलीस." मूल "हे चुकलं" म्हणालं तर "कुठे?" असं विचारा. बोट ठेवता आलं की दुरुस्ती अर्धी झाली. आणि पहिली दहा मिनिटं खोडरबर टेबलाखाली ठेवा. चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ मारायची. चुकीची तिथेच राहिली की किती चुकलं ते दिसतं. खोडली की मूल पुन्हा त्याच जागी तीच मारतं.

टप्पा ७: आता डबा

महिना-दोन महिने झाले असतील तर घरातलं चित्रकलेचं सगळं सामान जमिनीवर ओता. सगळं म्हणजे ड्रॉवरमधलं आणि सोफ्याखालचंसुद्धा.

पहिली पायरी, ढीग. प्रकारानुसार नको, वापरानुसार तीन ढीग करा: रोजचं, कधीमधी लागणारं आणि मोठ्यांच्या हातातलं. रोजच्यात पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, ब्रश. कधीमधीच्यात जलरंग, पेस्टल, कोळसा. कटर, चिकट स्प्रे, टोकदार कंपास मोठ्यांच्यात. मेलेले मार्कर टाका, दोन इंचांखालच्या पेन्सिलीही.

दुसरी पायरी, माप. नवी पेन्सिल साधारण १७ ते १९ सेंमी भरते, आणि बरेच गोंडस डबे आतून १६च असतात. बाहेरचं माप बघून फसू नका, आतून मोजा. ए३ कागद तर नेहमीच्या बऱ्याच ड्रॉवरमध्ये मावत नाही. तो दुमडायचा नाही, गुंडाळायचाही नाही. कागदाची व्यवस्था वेगळी, पेन्सिलींची वेगळी, असं सुरुवातीलाच ठरवा. "सगळं एकात" अशा पेट्यांमध्ये कागदच मावत नाही.

तिसरी पायरी, निवड. तीन प्रश्न विचारा. मुलाला तो एका हाताने उघडता येतो का? झाकण उघडल्यावर काहीही न उचलता रोजचं सगळं दिसतं का? मूल तो भरलेला उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ शकतं का? एकाचंही उत्तर नाही असेल तर तो मुलासाठीचा डबा नाही, कपाटाचा आहे.

माझं मत सांगतो. रोजच्या सामानाला मधे दांडी असलेला उघडा ट्रे सगळ्यात उत्तम. झाकण नाही म्हणजे उघडण्याचा आळस नाही. पेन्सिली उभ्या, टोक वर, आणि कप्पा एवढा खोल की ट्रे कलला तरी त्या पडणार नाहीत. बाहेर न्यायला कापडी गुंडाळी, प्रत्येक पेन्सिलीला वेगळी खाच असलेली, त्यात कांड्या मोडत नाहीत. चेनची पिशवी स्वस्त आणि सोपी, पण आत सगळं एकमेकांवर आपटतं आणि तळाशी ग्रॅफाइटची भुकटी साचते. पत्र्याचा डबा टिकतो, फक्त झाकण घट्ट असतं आणि पडला की आतल्या सगळ्या पेन्सिली एकदम जातात. मजल्यांची पेटी दिसायला देखणी. मुलं वरचा मजला तेवढा वापरतात.

चाकांची ड्रॉवरवाली गाडी दोन-तीन मुलं असतील तरच घ्या. जड सामान खालच्या खणात ठेवा आणि चाकांना कुलूप आहे ना ते बघा. उंच खणांचं कपाट असेल तर ते भिंतीला पक्कं करा. मुलं उघड्या खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येतं.

काही गोष्टी डब्यावर नाही, आत काय कसं ठेवता त्यावर अवलंबून असतात:

पांढरा मऊ खोडरबर कागदी वेष्टनातच ठेवा. बऱ्याच खोडरबरांत प्लास्टिक मऊ करणारं द्रव्य असतं. ते बाहेर येऊन डब्याच्या प्लास्टिकला लागलं की खोडरबर चिकटतो आणि तिथे वितळल्यासारखा खड्डा पडतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी डबा गरम जागी ठेवला म्हणून मुलांवर उगाच चिडलो होतो.

दोन्ही बाजूंना टोक असलेले मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले तर वरचं टोक सुकतं. ओला ब्रश केसांवर उभा करू नका आणि बंद डब्यातही टाकू नका. आधी आडवा ठेवून वाळवा. मेणाचे खडू आणि तैलपेस्टल उन्हाच्या खिडकीपासून आणि बंद गाडीपासून लांब. कोळशाला स्वतःची वेगळी डबी, नाहीतर सगळं सामान काळं.

*तपासून बघा:* मुलाला काही न सांगता म्हणा, "मग काढ." सामान काढायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली, किंवा तुम्हाला हाक मारावी लागली, तर जागा किंवा डबा चुकलाय. नंतर "आवर" म्हणा आणि तेच घड्याळ लावा. कप्प्यांवर शब्दांऐवजी मुलानेच काढलेली छोटी चित्रं चिकटवली तर आवरणं बरंच सोपं जातं.

टप्पा ८: चित्रं कुठे ठेवायची

प्रत्येक चित्रामागे तारीख. पुढे नको, मागे, कोपऱ्यात, हलक्या हाताने. चित्रं सपाट ठेवा. दोन जाड पुठ्ठे, एका बाजूने कापडी पट्टीने जोडले आणि उरलेल्या बाजूंना नाड्या लावल्या की ए३चं फोल्डर घरीच तयार होतं. सावली भरलेल्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर एकाचं ग्रॅफाइट दुसऱ्याला लागतं. जागा कोरडी हवी, बाहेरची भिंत किंवा मोरीशेजारचं कपाट नको. दमट हवेत कागद लाटा घेतो आणि बुरशी धरतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवणार असाल तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

रेघ पक्की करायचा स्प्रे मारायचा असेल तर तो मोठ्यांनी, उघड्यावर, मुलं आसपास नसताना. सरावाच्या चित्रांना त्याची गरज नाही.

सगळीच चित्रं ठेवता येत नाहीत, तेव्हा दर तीन महिन्यांनी मुलाला दहा निवडू द्या. निवड त्याची. तुम्हाला आवडलेलं एखादं त्याने बाद केलं तर ते गुपचूप वेगळं काढून ठेवा. आणि निवडायला बसण्याआधी पहिल्या दिवशीची ती बुटाची दोन चित्रं बाहेर काढा, त्यांच्याशेजारी आज बघून काढलेला बूट ठेवा आणि मुलाला विचारा, यात काय काय नवीन दिसतंय.